खांबावरचं विमान

विमान म्हातारं झालं की त्याचं काय करायचं, याचं आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे. त्याला नवा रंग द्यायचा आणि चौकात नाहीतर एखाद्या कॉलेजच्या गेटवर सिमेंटच्या खांबावर चढवायचं. दोन पावसाळे झाले की रंग उडतो, तिसऱ्याला कबुतरं राहायला येतात. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं. म्हणजे आता खांबांना मागणी वाढणार!

माझं म्हणणं असं की जुनं विमान उडतं ठेवायला हवं. सगळी नाही, प्रत्येक जातीचं एखादं तरी. तेही शक्य नसेल तर निदान इंजिन तरी चालतं ठेवायचं. हे कँटीनमध्ये बोललं की लगेच ऐकवतात, ‘अरे, एअर फोर्सला नवीन विमानं पुरत नाहीयेत आणि तू म्युझियम पीसमध्ये फ्युएल घालायला निघालास!’ ऐकायला बरोबर वाटतं. पण मी हे जुन्या आठवणी जपायच्या म्हणून म्हणतच नाहीये. प्रश्न मेंटेनन्सचा आहे, म्हणजे आपल्या धंद्याचा.

कानपूरची गोष्ट आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी बी-२४ लिबरेटर ही चार इंजिनांची बॉम्बर विमानं कानपूरला टाकून दिली. नुसती टाकली नाहीत, पुन्हा कोणी उडवू नयेत म्हणून मुद्दाम मोडून ठेवली. स्वातंत्र्यानंतर आपल्याला बॉम्बर हवे होते आणि खिशात पैसे नव्हते. मग एचएएलची माणसं त्या भंगारात शिरली. याचा पार्ट त्याला, त्याचा याला, असं करत विमानं उडण्याजोगी केली आणि टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ती कानपूरहून बंगलोरला घेऊन गेले. तिथे नीट ओव्हरहॉल व्हायचं. विचार करा, दुसऱ्याने मुद्दाम मोडलेलं विमान, जेमतेम जोडलेलं, आणि समोर हजार-दीड हजार किलोमीटर! आपण व्हायवाला घाबरतो.

१९४८ मध्ये ती एअर फोर्समध्ये दाखल झाली आणि १९६८ पर्यंत उडाली. तोवर बाकीच्या जगाने आपली बहुतेक लिबरेटर वितळवून टाकली होती. मग म्युझियमवाल्यांना ती हवीशी झाली, तेव्हा सगळे आपल्याकडे आले. लंडनच्या आरएएफ म्युझियममधलं, अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधलं, कॅनडात ओटावामधलं, ही सगळी लिबरेटर इंडियन एअर फोर्सची. ज्यांनी मोडली त्यांनाच आपण धडधाकट करून परत दिली.

आता याच्या शेजारी २०१८ ठेवून बघा. त्या वर्षी ‘परशुराम’ नावाचं डाकोटा आपल्या एअर फोर्सला भेट मिळालं. १९४७ च्या २७ ऑक्टोबरला श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डाकोटाचा व्हीपी ९०५ हा नंबर त्याच्यावर घातलाय. राजीव चंद्रशेखर यांनी ते आपल्या वडिलांसाठी दिलं, ते एअर फोर्समध्ये डाकोटा उडवायचे. विमान इंग्लंडहून टप्प्याटप्प्याने उडत आलं, एप्रिलमध्ये जामनगरला उतरलं. छान वाटलंच. पण त्याचं रिस्टोरेशन झालं कुठे? इंग्लंडमध्ये! सत्तर वर्षांपूर्वी त्यांचं भंगार आपण दुरुस्त करत होतो, आता आपलं डाकोटा त्यांच्याकडून दुरुस्त होऊन येतं. मधल्या काळात काय हरवलं? पैसा तर वाढला. हरवले ते हात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनचं व्हल्कन एक्सएच ५५८ हे बॉम्बर चौदा वर्षं जमिनीवर होतं. लोकांनी वर्गण्या काढून २००७ मध्ये ते पुन्हा उडवलं. एअर शोला ते आलं की लोक आकाशाकडे बघून चक्क रडायचे. पण २०१५ मध्ये ते कायमचं थांबलं. ज्या कंपन्यांच्या तांत्रिक सपोर्टवर ते उडत होतं त्यांनी सांगितलं, हे विमान आतून माहीत असलेली माणसं आता आमच्याकडे उरत नाहीत.

दुसरी बाजूही आहे, ती टाळता येणार नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये शोरहॅमच्या एअर शोत एक जुनं हंटर लूप मारताना हायवेवर कोसळलं, अकरा माणसं गेली. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रवासी घेऊन उडालेलं बी-१७ पडलं, सात जण गेले, आणि चौकशीत मेंटेनन्सच नीट नव्हता असं निघालं. २०२२ मध्ये डॅलसला दोन जुनी विमानं हवेत धडकली, सहा जण गेले. हे वाचल्यावर ‘राहू दे बाबा खांबावर’ असं वाटणं साहजिक आहे. मला त्यातून वेगळंच दिसतं. तिकीट काढून माणसं बसवू नका, रस्त्यावर आणि गर्दीवर कसरती करू नका. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला कोणी कोलांट्या मारायला सांगतं का? पण सकाळी फिरायला तर जाऊ द्याल! धावपट्टीवरून एक सरळ फेरी, तीही नियमाने, तपासणी करून. आणि जेट फायटरच्या बाबतीत तेवढंही धोक्याचं वाटलं तर जमिनीवर इंजिन रन.

मिग-२१ साठी मी हेच मागेन. भारतात ही विमानं सहाशेच्या वर बनली, आणि कारखाना होता आपल्या ओझरला, नाशिकपासून अर्ध्या-पाऊण तासावर. तिथे एक मिग-२१ चालतं ठेवा. महिन्यातून एकदा स्टार्ट करा आणि त्या दिवशी जवळपासच्या कॉलेजांची मुलं बोलवा, पण फोटो काढायला नाही, पाने धरायला. हायड्रॉलिक लाइन कुठून जाते, कुठला नट हाताने जाणवल्याशिवाय घट्ट झालाय हे कळत नाही, हे पुस्तकात सापडत नाही. ज्यांना हे माहीत आहे त्यातले कितीतरी लोक रिटायर होऊन आज नाशिकमध्येच राहत असणार. आधी त्यांची यादी करा. विमान दोन वर्षांनी ठेवलं तरी चालेल.