पहिली पसंती खरी लिहा, दुसरी जपून

सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की यवतमाळ जिल्ह्यात घरोघर एकच सल्ला फिरू लागतो. "मनातलं पहिल्या नंबरवर टाकू नको. मिळण्यासारखं टाक, नाहीतर पहिली पसंती वाया जाते." वणीत हेच, पुसदला हेच, उमरखेडलाही हेच. सांगणारे परके नसतात. काका असतात, शेजारचे सर असतात, आदल्या वर्षी इंजिनिअरिंगला लागलेला दादा असतो. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत सतरा-अठरा वर्षांची मुलं पुढची चार वर्षं मोजतात.

जागा कशा वाटल्या जातात ते आधी पाहू. कॅप राऊंडमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीत, गुणवत्ता यादीत जो वर, त्याचा विचार आधी. राखीव जागांचा हिशेब त्यात धरलेला असतोच. त्या मुलाचा पहिला पर्याय शिल्लक असेल तर तो मिळतो, नसेल तर दुसरा, तोही गेला असेल तर तिसरा. मग पुढच्या क्रमांकाची पाळी. म्हणजे तुमच्या दुसऱ्या पसंतीची जागा तुमच्याआधी कोणी नेली असेल, तर तो यादीत तुमच्या वर होता म्हणूनच. तुमच्या खालच्या मुलानं तीच जागा पहिल्या नंबरवर लिहिली, तरी तो तुम्हाला ओलांडून जात नाही. मग पहिल्या नंबरवर मनातलं लिहिल्यानं नेमकं वाया गेलं काय?

ही भीती खरी ठरते ती वेगळ्या पद्धतीत. अमेरिकेत बॉस्टन शहरात शाळाप्रवेशाची पद्धत एकेकाळी तशी होती. आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंतीचा निकाल लावायचा, उरलेल्या जागा दुसऱ्या पसंतीला. तिथं मनातली शाळा हुकली की दुसऱ्या नंबरची शाळाही तोवर भरून गेलेली असे. ही मेख ज्या आईबापांना ठाऊक, त्यांची मुलं तरायची. बाकीच्यांची मागं पडायची. अर्थशास्त्रज्ञांनी हा अन्याय दाखवून दिला आणि २००५ मध्ये बॉस्टननं ती पद्धत सोडली. नव्या पद्धतीचं मूळ डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांच्या १९६२ च्या निबंधात होतं. पुढे २०१२ साली शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना याच विषयासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. खरी पसंती लिहिणाऱ्याला त्याचा तोटा होऊ नये, हा त्या पद्धतीचा गाभा. आपल्याकडची एकेक फेरीही या कसोटीला उतरते. बॉस्टननं टाकून दिलेल्या पद्धतीची भीती आपण घाटंजीत बसून का बाळगायची?

"पण ऑटो-फ्रीझचं काय?" हा आक्षेप मात्र वजनदार आहे. २०२५-२६ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात चार फेऱ्या ठेवल्या गेल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का, म्हणजेच ऑटो-फ्रीझ; दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही. तो नको म्हटलं तर पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. यावरून काही जण नवी युक्ती सांगतात: दोन आणि तीन नंबरवर न मिळणारंच काहीतरी टाकून ठेव, म्हणजे अडकणार नाहीस. माझ्या मते या नियमाचा अर्थ उलट निघतो. पहिल्या तीन ओळींत तेच लिहा, जे मिळालं तर तुम्ही खुशीनं बॅग भराल. पुढच्या फेरीत जागा सुटतील या आशेवर हातची जागा दूर लोटणं हा जुगार आहे. ज्याला हरणं परवडतं त्यानं तो खेळावा. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशातही पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. तिथंही नियम तेच सांगतो.

खरा घोटाळा पहिल्या ओळीत कमी, खालच्या ओळींत जास्त होतो. जुलैत तालुक्याच्या कोणत्याही नेट कॅफेत जाऊन बघा. मुलगी पहिले दोन-तीन पर्याय सांगते आणि थबकते. मागं रांग असते. चालवणारा आदल्या वर्षीची कट-ऑफची पीडीएफ उघडतो आणि वरून खाली चॉइस कोड टाकत जातो. लांबलचक आकडे, स्क्रीनवर एकाखाली एक. त्यात कोणतं कॉलेज, कोणती ब्रँच, होस्टेल आहे की नाही, हे ना तिनं वाचलेलं असतं ना वडिलांनी. ओटीपी येतो, फॉर्म कन्फर्म होतो. कट-ऑफ म्हणजे गेल्या वर्षी इतर मुलांनी काय मागितलं त्याची नोंद. आपली जागा कुठवर लागू शकते याचा अंदाज घ्यायला ती कामाची. आपल्याला काय हवं हे ती सांगू शकत नाही.

मुलींच्या घरी तर हे अधिक गांभीर्यानं घ्यायला हवं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय ८ जुलै २०२४ रोजी निघाला. पण ही सवलत कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या जागेला नाही. यादी अर्धवट भरली, कॅपमध्ये काहीच लागलं नाही, म्हणजे त्या मुलीची फीमाफीही गेली. सातवी-आठवी ओळ नीट भरण्याचं मोल इथं रोख रुपयांत आहे.

दुसरी पसंती म्हणजे माघार, हे तर मला मुळातच मान्य नाही. आपला जिल्हा कापसाचा. यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयात टेक्सटाइल इंजिनिअरिंग वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, तरी कापूस उत्पादकाच्याच घरात ती ब्रँच 'कॉम्प्युटर नाही मिळालं म्हणून' घ्यायची ठरते. बोंड घरात, सूत आणि कापड दुसऱ्याच्या गावात, ही जिल्ह्याची जुनी दुखरी नस आहे. तिचं शिक्षण शेवटच्या ओळीत ढकलू नये. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयही यवतमाळातच आहे; तोही पर्याय माघारीचा नाही. बीए-बीएस्सीलाही आता तुच्छ लेखायचं कारण नाही. विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयाची, रचना आली आहे, आणि मायनर विषय दुसऱ्या विद्याशाखेतलाही घेता येतो, फक्त कॉलेजात तो शिकवत असले पाहिजेत. तेव्हा मेजर ठरवतानाच मायनर कोणता मिळेल हे ऑफिसात विचारून घ्यावं.

कनिष्ठ महाविद्यालयांकडे माझी मागणी साधी आहे. सीईटी संपल्यावर, निकालाच्या आधी, मुलांना आईवडिलांसह वर्गात बोलवा. प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि दहा पर्याय कारणासकट लिहायला सांगा: ब्रँच कोणती, गाव किती लांब, होस्टेलचा खर्च किती, हे मिळालं तर जाणार की नाही. 'नाही' उत्तर आलं तो पर्याय तिथल्या तिथं खोडायचा. नेट कॅफेत जाताना तो कागद हातात असू द्या आणि चालवणाऱ्याला फक्त तोच टाइप करायला लावा.