चाळिशीतला अभ्यास

सजद्यात गेले की चष्मा नाकावरून घसरायचा. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर लेन्स लावल्या. पहिला प्रश्न पडला तो वुजूचा. पण वुजूत चेहरा धुणं फर्ज आहे, डोळ्याच्या आत पाणी घालणं नाही. लेन्स काढायची गरज नाही. नळाचं पाणी लेन्सला लागू नये म्हणून डोळे नीट मिटायचे, एवढंच.

फळा स्वच्छ दिसू लागला, पण जवळची अक्षरं पुसट झाली. उर्दूत जोडाक्षरात नुक्ता खाली असला तर बे, वर असला तर नून. वह्या तपासायला लेन्सवर चाळिशी लावावीच लागली! रात्री लेन्स काढल्या की मात्र जवळचं छान दिसतं. म्हणून इशानंतर तासभर एम.ए.चा अभ्यास करते.

डोळ्यांना लेन्सची सवय आठ-दहा दिवसांत झाली. घराला माझ्या अभ्यासाची अजून झालेली नाही. मी पुस्तक उघडलं की कुणाला तरी पाणी हवं असतं. पाहुणे विचारतात, "आता या वयात कशाला?"

मुलगा दहावीला असला की घरातला टीव्ही बंद होतो. मग आईच्या परीक्षेला का होत नाही? इल्म मिळवणं फर्ज आहे, असं आपण प्रत्येक जलशात ऐकतो. त्याला वयाची अट नाही आणि बाईला सूटही नाही. 'सांभाळून घे' हे मात्र तिलाच सांगितलं जातं.

नोकरी आणि अभ्यास दोन्ही मी सांभाळीन. एक तास घरानं सांभाळावा.