भंगार कोणी ठरवायचे?

मंडळाच्या गेल्या बैठकीत एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारले, की जुने लढाऊ सामान दुरुस्त करण्यावर पैसा उधळणे हा श्रीमंतांचा छंद नव्हे काय? प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, म्हणून हे उत्तर.

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख बटालियनचे जवान श्रीनगरला उतरले ते डाकोटा विमानांतून. त्याच जातीचे एक विमान २०११ मध्ये आयर्लंडात भंगारात पडलेले सापडले. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांचे वडील वायुदलात डाकोटाचे वैमानिक होते. त्यांनी ते स्वखर्चाने इंग्लंडमध्ये दुरुस्त करवून वायुदलाला देऊ केले. भेट विनामूल्य होती. तरी तत्कालीन सरकारने ती नाकारली! मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१६ मध्ये ती स्वीकारली गेली, आणि एप्रिल २०१८ मध्ये 'परशुराम' हे विमान स्वतःच्या पंखांवर उडत आपल्या गुजरातेत, जामनगरला उतरले. त्यावर रंगवलेला 'व्हीपी ९०५' हा क्रमांक श्रीनगरला गेलेल्या मूळ विमानाचा आहे, या विमानाचा नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. पण पुतळाही माणूस नसतोच.

ही नकारघंटा कोठून येते, ते मला ठाऊक आहे. सरकारी नोकरीत निर्लेखनाच्या कित्येक प्रस्तावांवर मी सह्या केल्या आहेत. खरेदीची किंमत, वापराची वर्षे, दुरुस्तीचा खर्च, मग लिलाव. या वस्तूने काय काम केले, असा रकाना त्या तक्त्यात नसतो. मीही तो कधी मागितला नाही.

त्याच तक्त्याने 'विक्रांत' गिळली. १९९७ मध्ये सेवानिवृत्त झालेली ही युद्धनौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. ते २०१२ मध्ये बंद झाले, २०१४ मध्ये ती भंगारात विकली गेली, आणि तिचे पोलाद पुढे मोटारसायकलींत गेले. त्याची जाहिरातही अभिमानाने झाली!

नुसते उभे करून ठेवणे म्हणजेही जतन नव्हे. गोव्यात दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशनसारखे दुर्मीळ विमान उघड्यावर, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभे आहे. निदान छप्पर तरी हवे.

आणि आपण? वाडवडिलांबरोबर सुरतेत आलेली मोडी दप्तरे किती घरांनी रद्दीत वजनावर दिली? कोसाडच्या ज्या घरांत ती अजून असतील, त्यांनी दिवाळीच्या साफसफाईपूर्वी मंडळात आणून दाखवावीत. मोडी वाचणारे दोघे सभासद अजून आपल्यात आहेत.