भिंत बोलते, पण सगळं सांगते का?

दोस्तांनो, अक्षरं वाचायला आपण पहिलीत शिकलो. चित्रं वाचायला मात्र कुणी शिकवत नाही. चित्रं नुसती बघायची असतात, असं आपण धरूनच चालतो. पण शाळेत जाता-येता रोज दिसणाऱ्या त्या भिंती आठवा बरं! चहाच्या हॉटेलाची, सलूनची, रसवंतीची, कृषी केंद्राची. त्यांच्यावरची रंगीत चित्रंसुद्धा वाचता येतात. आणि ती नीट वाचली, तर दुकानदार, पेंटर आणि आपलं गाव या तिघांचीही ओळख होते.

चला तर, आज वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या एस.टी.त बसू या आणि आंजी (मोठी)ला उतरू या. रस्त्यावरचं मोठं गाव. अशा गावात स्टँडजवळ आणि बाजाराच्या वाटेवर जी दुकानं असतात, तीच आपली आजची पुस्तकं. तुम्ही आंजीचे नसलात तरी काही बिघडत नाही. दुकानं तुमच्याही गावात आहेतच. फक्त चार प्रश्न खिशात ठेवा. हे चित्र कोणासाठी काढलंय? यातलं आपल्या गावचं किती? काढलं कोणी? आणि चौथा प्रश्न, यात काय काढलेलं नाही?

पहिला प्रश्न घेऊन हॉटेलापाशी उभे राहू. भिंतीवर कपबशी असते, आणि कपातून वाफेच्या तीन नागमोडी रेषा वर जातात. आता रंगाची वाफ कधी गरम असते का? पण त्या तीन रेषा दिसल्या की एस.टी.तून उतरलेल्या माणसाला कळतं, इथं चहा मिळतो आणि तो गरम मिळतो. त्याला पाटी वाचायची गरज नाही. कदाचित वाचता येतही नसेल! १९५१ सालच्या जनगणनेत आपल्या देशात शंभरातली जेमतेम अठरा माणसं साक्षर होती. बाकीच्या ब्याऐंशी जणांनी दुकान ओळखायचं कसं? चित्रावरून. सलूनच्या दारावर कात्री-कंगवा, शिंप्याच्या दारावर कोट, डॉक्टरांच्या पाटीवर क्रॉस. ही चित्रं म्हणजे न शिकलेल्यांची बाराखडीच होती.

काही हॉटेलांच्या दाराशी फेटा बांधलेला, झुबकेदार मिशांचा, हात जोडलेला माणूस रंगवलेला असतो. कुठं नऊवारीतली बाई हात जोडून उभी असते. ‘या, बसा’ असं ती चित्रं म्हणतात. फेटेवाल्याचा एक नामांकित भाऊ तुम्हांला ठाऊक असेल. एअर इंडियाचा महाराजा! तो १९४६ साली जन्मला. बॉबी कूका यांची कल्पना आणि उमेश राव यांचं चित्र. विमानात बसणाऱ्यांना वाकून नमस्कार करणारा महाराजा आणि रस्त्याकडेच्या ढाब्यावरचा फेटेवाला, दोघांचं काम एकच: पाहुण्याला मान द्यायचा.

रंगांच्या दुकानावर पूर्वी हातात ब्रश घेतलेला, केस कपाळावर आलेला एक खट्याळ पोरगा असायचा. तो ‘गट्टू’. एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली तो काढला, आणि त्याचं नाव ठरवायला चक्क लोकांची स्पर्धा घेतली होती. पुढं कंपनीनं त्याला निवृत्त केलं. तरी एखाद्या जुन्या भिंतीवर तो अजून सापडला, तर समजायचं की ही भिंत बरीच वर्षं रंगवलेली नाही. म्हणजे चित्रावरून भिंतीचं वयही काढता येतं! फेविकॉलचे हत्ती बघा. दोन हत्ती दोन बाजूंना ओढताहेत आणि मधला गोळा सुटत नाही. शब्द एकही नाही, पण ‘घट्ट चिकटतं’ हे सुताराला कळलं की नाही?

आता दुसरा प्रश्न. यातलं आपल्या गावचं किती?

ढेपेच्या आणि पशुखाद्याच्या दुकानांवर बैल किंवा गाय काढलेली असते. जवळ जाऊन नीट बघा. वर्धा जिल्ह्याची, विशेष करून आर्वीकडची, स्वतःची बैलांची जात आहे, गवळाऊ. पांढरा किंवा करडा रंग, लांब निमुळतं तोंड, आखूड शिंगं, चपळ चाल. तान्ह्या पोळ्याला तुम्ही लाकडी बैल सजवून नेता ना? मग बैलाची पारख तुम्हांलाच जास्त! भिंतीवरच्या बैलाची शिंगं लांबलचक आणि मागं वळलेली असतील, तर तो खिल्लार. म्हणजे सोलापूर-सांगलीकडचा पाहुणा. गाय काळी-पांढरी असेल आणि तिला वशिंडच नसेल, तर ती होल्स्टीन, मूळची युरोपातली. ‘काकाजी, ही गाय आपल्या इकडची नाही वाटत जी!’ असं म्हणून दुकानदाराला विचारून बघा. बहुतेक कळेल की चित्र कंपनीच्या कॅलेंडरवरून उतरवलंय. गाय विलायतेतली, रंग शहरातला, आणि भिंत तेवढी आपली.

रसवंतीवरही असंच एक कोडं असतं. उसाच्या मोळ्या, चरक फिरवणारा बैल, आणि वर नाव, ‘कानिफनाथ’ किंवा ‘नवनाथ रसवंती गृह’. महाराष्ट्रात जागोजागी हीच नावं का? रसवंतीचा धंदा करणारी पुष्कळ कुटुंबं पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातली. तिथं सासवडजवळ बोपगावला कानिफनाथांचं देऊळ आहे. माणसं गाव सोडून लांब गेली, पण गावचा नाथ पाटीवर बरोबर नेला. आणि बैल? तो आता चरकाला नाही, मोटर आहे. पण यंत्राला घुंगरू अजून बांधतात. छुम छुम आवाज आला की रस मिळतोय हे लोकांना लांबूनच कळतं. भिंतीवरचा बैल आणि यंत्राचं घुंगरू, दोघं मिळून गेलेल्या बैलाची आठवण सांगतात.

शहरातल्या, आणि आता हमरस्त्यावरच्याही हॉटेलांत गेरूच्या रंगावर पांढरी वारली माणसं दिसतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचं धड तयार! ही कला पालघर-डहाणूकडच्या वारली लोकांची. तिथं लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी असते. हो, वारली लोक चित्र ‘लिहितात’ असंच म्हणतात! सवाशिणींनी लग्नापुरतं लिहायचं हे चित्र जिव्या सोमा मशे यांनी रोजचं केलं आणि जगभर नेलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. हॉटेलवाल्याला मात्र त्यातला तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसंच आवडतात. देवीचा चौक तिथं सहसा नसतो. का बरं नसेल? विचार करा.

आता एक अशी भिंत बघू, जिला काहीच विकायचं नाही. ती आपल्याच जिल्ह्यात आहे, सेवाग्रामला. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले. त्यांच्या बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननं उठावाची चित्रं केली आहेत. ताडासारखी झाडं, चरखा, ॐ. मीराबेन म्हणजे मॅडेलिन स्लेड, इंग्लंडहून १९२५ साली आलेली. ती परक्या देशातून आली, पण भिंतीवर तिनं इंग्लंडचं काही आणलं नाही. भोवतालची झाडं आणि रोजच्या वापरातला चरखाच घेतला, आणि तोही भिंतीच्याच मातीतून घडवला. पशुखाद्याच्या दुकानावरची विलायती गाय आणि मीराबेनची झाडं मनात शेजारी शेजारी ठेवा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

तिसरा प्रश्न, काढलं कोणी? चित्राच्या खालचा कोपरा शोधा. बारीक अक्षरांत पेंटरचं नाव असतं, त्यापुढं ‘आर्ट’ किंवा ‘पेंटर’ लिहिलेलं. पेंटर भिंतीवर थेट चित्र काढत नाही बरं का! आधी दोरा निळीत किंवा खडूच्या भुकटीत बुडवतो, दोन टोकांना ताणतो आणि मधोमध उचलून सोडतो. फट्! सरळ रेघ उमटते. लहान चित्रावर चौकोन आखायचे, भिंतीवर तेवढेच पण मोठे चौकोन आखायचे, आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. तुमच्या भूगोलाच्या वहीत नकाशा मोठा करता ना, अगदी तस्संच. अक्षरांना सावली द्यायची तर सगळ्यांची एकाच बाजूला. एक अक्षर चुकलं की सूर्य दोन ठिकाणी उगवला!

हे काम साधं समजू नका. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ‘बाबूराव पेंटर’ झाले, आणि १९२० साली त्यांनी ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाचे मोठाले फलक रंगवून पोट भरत. आणि गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी तर मुंबईला कुलाब्याच्या कॅफे माँडेगरच्या भिंतींवर मुंबईची माणसं आणि खुद्द कॅफेतली गिऱ्हाइकंच काढून ठेवली. लोक तिथं खायला जातात आणि भिंतीवर स्वतःसारखाच कुणीतरी शोधत बसतात.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फ्लेक्स आला. रात्रीतून छापून मिळतो, स्वस्त पडतो. पेंटरचं काम कमी झालं, आणि सगळ्या गावांच्या पाट्या एकसारख्या दिसू लागल्या. तरी हातातला ब्रश संपलेला नाही. चंद्रपूर आणि बल्लारशा या आपल्या विदर्भातल्या स्टेशनांच्या भिंतींवर कलाकारांनी ताडोबातले वाघ आणि जंगल रंगवलं, आणि २०१८ साली रेल्वेच्या स्टेशन-सजावट स्पर्धेत दोन्ही स्टेशनांनी मिळून पहिलं बक्षीस पटकावलं.

आता चौथा प्रश्न. हा सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत कामाचा. चित्रात काय नाही?

कृषी केंद्राच्या भिंतीपाशी या. कपाशीचं झाड, त्याला मुठीएवढी बोंडं, शेजारी औषधाचा डबा आणि हसरा शेतकरी. चित्र झकास. आता बारकाईनं बघा. फवारणाऱ्याच्या हातात मोजे आहेत का? नाका-तोंडाला काही बांधलंय का? वारा कुठल्या दिशेनं आहे? डब्यावरचा चौकोन दिसतो का?

कुठला चौकोन? खऱ्या डब्यावर टोकावर उभा केलेला, शंकरपाळ्यासारखा चौकोन कायद्यानं छापावाच लागतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, आणि वरच्या भागात कवटी. पिवळा म्हणजे त्याहून कमी, पण जहरच. निळा म्हणजे मध्यम. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. ही खूण म्हणजेसुद्धा न शिकलेल्यांची बाराखडी! पण जाहिरातीच्या भिंतीवर बोंडं मोठी होतात आणि हा चौकोन बारीक होतो, नाहीतर गायबच होतो.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यामागं कारणं पुष्कळ होती, एका चित्राला दोष देऊन चालणार नाही. पण तुमच्या घरी फवारणीचा डबा आला, तर त्यावरचा रंग वाचून बाबांना, काकांना, घरच्या गड्याला सांगणं तुमच्या हातात आहे. ‘बाबा, याच्यावर लाल आहे. मोजे घाला. जेवायच्या आधी साबणानं हात धुवा.’ आणि हो, रिकाम्या डब्यात पाणी भरायचं नाही, कितीही धुतला तरी!

भिंत चांगलं कामही करते, हे विसरू नका. कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींनीच घरोघरी पोचवला. १९९५ साली देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, तेव्हा ‘दोन थेंब’ भिंतीभिंतीवर उतरले, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आंजीत सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. आरोग्याची माणसं आणि आरोग्याची भिंत यांचं नातं तिथल्या मुलांना वेगळं सांगायला नको. पण चौथा प्रश्न सरकारी भिंतीलाही विचारायचा. ‘लस घ्या’ लिहिलंय, पण कुठं, कोणत्या दिवशी, हे लिहिलंय का?

आता या रविवारचं काम. वहीच्या पानाचे चार रकाने करा, एका प्रश्नाला एक. आपल्या गावातली तीन दुकानं निवडा. दुकानदारकाकांना आधी विचारा, मग चित्राची नक्कल काढा आणि खाली तारीख घाला. पुढच्या दिवाळीत ती भिंत रंगवली गेली, तर तुमच्या वहीतली नक्कलच उरेल. कोपऱ्यात पेंटरचं नाव असेल, तर त्यांना गाठा आणि दोऱ्यानं रेघ कशी मारतात ते दाखवायला सांगा. भिंतीवर मात्र आपण काहीही लिहायचं नाही. परवानगीशिवाय भिंती रंगवणं महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण कायद्यानं गुन्हा आहे.

आई-बाबांना एक विनंती. हाच चौथा प्रश्न टीव्हीवरच्या आणि मोबाइलवरच्या जाहिरातींनाही लावून बघा, मुलांना शेजारी बसवून. आणि मुलांनो, तीनपैकी एका भिंतीची नक्कल आणि तुमचे चार रकाने आम्हांला पाकिटात घालून पाठवा. गवळाऊ बैल कुणाच्या गावच्या भिंतीवर सापडतो, ते बघू या!