मुलांचा तोल आणि मोजमापाची मालकी

देवबाग म्हणजे एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदी, यांमधील वाळूची चिंचोळी पट्टी. येथील मूल चालावयास शिकते ते वाळूवर आणि पुढे उभे राहावयास शिकते ते हलत्या होडीत. शरीराचा तोल हा येथे पोटाचा प्रश्न आहे. रापणीचा दोर ओढताना ज्याचा पाय डळमळतो त्याला कामावर कोण घेईल? म्हणून मुलांचा तोल खेळवजा संगणकीय साधनांनी तपासण्याचा विषय शहरी डॉक्टरांचा समजून बाजूस सारणे मला योग्य वाटत नाही.

डोळे, आंतरकर्ण आणि स्नायू-सांध्यांतून मेंदूकडे जाणारी जाणीव या तिघांच्या सहकार्याने तोल राहतो. एक दुबळा असला तर उरलेले दोघे त्याचे उणे झाकतात. पाय जुळवून, डोळे मिटून उभे करण्याची रोम्बर्ग या जर्मन वैद्याची एकोणिसाव्या शतकातील चाचणी याचसाठी आजही वापरली जाते. मात्र मूल किती डोलले, हे तीत तपासणाऱ्याच्या नजरेवर ठरते. प्रयोगशाळेतील दाबमापक पीठ ते अचूक सांगते, परंतु त्याची किंमत हजारो डॉलर असते.

2007 साली निन्टेंडो या जपानी कंपनीने घरगुती खेळासाठी एक फळी बाजारात आणली. तिच्या चार कोपऱ्यांत वजन टिपणारे संवेदक होते. वर उभे राहून कलले की पडद्यावरचे चित्रही तसेच हलत असे. किंमत सुमारे 100 डॉलर. 2010 मध्ये रॉस क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची मापे प्रयोगशाळेतील पीठाशी ताडून पाहिली, तेव्हा ती चांगली जुळली. शिवाय खेळ म्हटला की मूल न भिता उभे राहते.

परंतु ती पडताळणी निरोगी प्रौढांवर झाली होती. पाच वर्षांच्या मुलाचे वजन हलके, चित्त चंचल आणि तोल अजून घडत असलेला. परदेशी मुलांवरून ठरलेले प्रमाण अनवाणी वाळूत वाढलेल्या मुलास लावणे हे शास्त्र नव्हे. दुसरी गोष्ट अर्थशास्त्राची. कंपनीला खेळ विकावयाचा होता. त्या खेळयंत्राचा व्यापार संपताच फळीही बाजारातून गेली. ज्या साधनाचे आयुष्य कोणाच्या नफ्यावर अवलंबून आहे, त्यावर सार्वजनिक आरोग्याची इमारत उभारता येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले एकदा तपासावयाची असतात. विकासातील विलंब हा त्या तपासणीचा एक भाग आहे. स्वस्त, खात्रीचे साधन या पथकाच्या हाती असेल तर मासे विकणाऱ्या आईला केवळ शंका निरसनासाठी दिवसाचा बाजार बुडवून ओरोसला जावे लागणार नाही.

यावर कोणी विचारील, जेथे व्यायामोपचार देणारा माणूस नाही तेथे यंत्र कशाला? आक्षेप खरा आहे. उपचाराविना केलेले निदान म्हणजे मुलाच्या कपाळी मारलेला शिक्काच. तथापि आज वारंवार पडणाऱ्या मुलाला घरात आणि शाळेत ‘धांदरट’ म्हणून गप्प केले जाते. नोंदलेले माप त्याची तक्रार खरी ठरवते, तीन महिन्यांच्या व्यायामाने फरक पडला की नाही हे दाखवते, आणि उपचारकाच्या पदासाठी भांडणाऱ्यांच्या हाती पुरावा देते.

म्हणून मागणी अशी हवी: साधन सार्वजनिक संस्थेने घडवावे आणि त्याचे गणित खुले ठेवावे, प्रमाण किनारा, घाट व शहर येथील आपल्याच मुलांवरून ठरवावे, मुलांची माहिती कोणत्याही कंपनीस विकू नये. पालकांच्या संमतीची अट 2023 च्या कायद्यात आहेच, ती कागदावर राहू नये. आणि साधन येईल त्या तालुक्यात उपचारकही आलाच पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आजच करण्याजोगे काम साधे आहे. शाळेतील तपासणीच्या दिवशी हजर राहावे आणि किती मुले पुढे पाठविली, त्यांतील किती उपचारापर्यंत पोहोचली, हे दोन आकडे मागावेत. त्या दोहोंमधील अंतर मोजावयास कोणतेही यंत्र लागत नाही.