पिस्तूल जाम होते का, हे विचारणाऱ्या तरुणांना



वस्तीवर हल्ला होतो, बहिष्कार पडतो आणि निषेध सभेत एक मागणी हमखास येते: आम्हाला शस्त्र परवाने द्या. सभा संपली की पोरे मोबाईलवर छोट्या पिस्तुलांचे अमेरिकी व्हिडिओ एकमेकांना दाखवतात. कमरेला लपते, दहा गोळ्या बसतात, कधी जाम होत नाही म्हणे!

या पोरांना माथेफिरू ठरवणाऱ्यांत आम्ही नाही. ज्याच्या घरावर दगड पडले त्याला शांततेचे प्रवचन देणे फार सोपे असते. शिवाय ही मागणी कायद्यातलीच आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम ३ प्रमाणे, गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्र परवाने द्यायचे आहेत. पण त्याच नियमात त्याच्या आधी दुसरी तरतूद आहे. अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात इतरांचे शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. ही तरतूद आपल्या सभांत किती वेळा ऐकलीत?

आता त्या पिस्तुलाकडे वळू. कंपनीची जाहिरात बाजूला ठेवा, ते रोज कमरेला लावणारे मालक काय सांगतात ते ऐका. पिस्तूल जितके छोटे तितकी चूक खपवून घेण्याची त्याची ताकद कमी. स्लाइड आखूड, स्प्रिंग कडक. मनगट ढिले पडले की रिकामे काडतूस बाहेर पडता पडता अडकते. खिशातला कचरा आत जातो. एका कंपनीचे काडतूस चालते, दुसरीचे अडते. म्हणून जाणते मालक सांगतात की निदान दोनशे गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय त्याच्यावर जीव टाकू नका.

नावाजलेल्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. २०१३ मध्ये स्प्रिंगफील्डने एक्सडी-एस ही पिस्तुले परत मागवली, कारण चाप न ओढता गोळी सुटण्याचा धोका होता. त्याच वर्षी स्मिथ अँड वेसनने शील्ड पिस्तुलाबद्दल इशारा दिला. खाली पडल्यास गोळी सुटू नये म्हणून केलेल्या सोयीतच दोष निघाला होता. २०१८ मध्ये आलेल्या सिग सॉअर पी-३६५ च्या पहिल्या ग्राहकांनी फायरिंग पिन तुटल्याच्या तक्रारी केल्या. टॉरसने २०१५ मध्ये नऊ मॉडेलांच्या सुमारे दहा लाख पिस्तुलांबाबत न्यायालयात तडजोड केली. अमेरिकेत ग्राहक सुरक्षा आयोगाला मुलांचे खेळणे परत मागवता येते, खरी बंदूक नाही. तरी मालकांनी अडकलेल्या गोळ्यांच्या नोंदी केल्या, तक्रारी लावून धरल्या, खटले भरले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि हे सगळे आपल्याला मिळणार आहे का? व्हिडिओतली बहुतेक पिस्तुले ९ एमएमची. भारतात सामान्य नागरिकाला तो बोअर मिळत नाही. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून 'निर्भीक' हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आणले. त्याची किंमत होती सव्वा लाखाच्या घरात. दुसऱ्याच्या रानात खुरपणारी आपली आई ते कशाने घेणार? परवान्यावर काडतुसांचीही मर्यादा असते. सरावाला दोनशे गोळ्या कुठून आणणार?

पण समजा, एकदाही न अडकणारे पिस्तूल मिळाले. तरी ते धरणारा हात कोणाचा, हे व्यवस्था पाहतेच. ३० जानेवारी १९५६ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी शस्त्र बाळगण्याचा परवाना मागितला. अलाबामाच्या गोऱ्या प्रशासनाने तो नाकारला. साठ वर्षांनी, ६ जुलै २०१६ रोजी, मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या काळ्या तरुणाची गाडी पोलिसाने अडवली. त्याच्याकडे परवाना होता, आपल्याजवळ शस्त्र आहे हेही त्याने स्वतः सांगितले. पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. कॅस्टिल मेला, पोलिस निर्दोष सुटला. पिस्तूल जाम झाले नव्हते. न्याय जाम झाला होता.

आपल्याकडे वेगळे काय? खैरलांजीत सुरेखा भोतमांगे साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी आरोपींना जामीन मिळाला आणि त्याच दिवशी चौघांची हत्या झाली. पुढे आठ जणांना शिक्षा झाली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा मात्र न्यायालयात टिकला नाही. कायदा होता, पण ऐन वेळी चालला नाही.

महाडला २० मार्च १९२७ रोजी हल्ला झाला तेव्हा आपल्या लोकांत निवृत्त सैनिक होते. त्यांना लढता येत नव्हते असे नाही. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि लढाई कोर्टात नेली. हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. मात्र जिल्ह्यातले मुख्य अधिकारी हिंदू नव्हते म्हणूनच न्याय मिळाला, हेही बाबासाहेबांनी पुढे सांगितले. यंत्र कोणाच्या हातात आहे, हे ते कधी विसरले नाहीत.

म्हणून आमचे सांगणे असे: परवान्याचा अर्ज जरूर करा, तो हक्क आहे. पण पिस्तुलाचे मालक जशी एकेक अडकलेली गोळी नोंदवतात, तशी कायद्याची प्रत्येक अडकण नोंदवा. माहिती अधिकारात जिल्हाधिकाऱ्यांना विचारा: अत्याचारप्रवण गावे किती ठरवली? तिथले किती परवाने रद्द केले? आपल्या लोकांना किती दिले? जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी, इतिवृत्त मागा. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे कलम १८-अ ठाणेदाराला दाखवा. टाळाटाळ झाली तर तारीख, वेळ, नाव लिहून ठेवा आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकावर कलम ४ लावण्याची मागणी करा.

हे काम व्हिडिओ पाहण्याइतके थरारक नाही. पण एका पिस्तुलाने फार तर एक घर राखले जाईल. कायदा चालता केला तर वस्ती राखली जाईल.

पुढच्या सभेला येताना आपल्या तालुक्याच्या नोंदींची वही घेऊन या.

जय भीम! जय संविधान!