घरच्यासारखी म्हणजे कशी?

सुगी आटोपली, देणेकरी दारांत आले, कीं आमच्या खेड्यांत मुंबई-पुण्याकडचा एखादा ओळखीचा मनुष्य येतो व म्हणतो, "पोरीला पाठवा, घरच्यासारखी राहील." बाप कर्जानें वांकलेला, आई म्हणते, निदान दोन वेळां पोटभर जेवेल. पोर निघते.

आमचा प्रश्न इतकाच कीं, घरच्यासारखी म्हणजे कशी? घरची मुलगी दुखणें आलें तर निजते. ही निजली तर खाडा. घरच्या मुलीच्या खोलीस कडी आहे. ही शेवटचा पाहुणा उठल्यावर बैठकींत नाहीं तर स्वयंपाकघरांत अंथरूण टाकते आणि सर्वांच्या आधीं उठते. धुणींभांडीं करून सायंकाळीं आपल्या झोपडींत परतणाऱ्या बाईस निदान परतण्याची वेळ असते. मालकाच्याच घरीं राहणारीचें काम कोणत्या घटकेस संपलें, हें कोण सांगणार? रात्रीं मूल रडलें कीं हांक तिलाच. पगार कोणाच्या हातीं पडतो, फोन तिच्याजवळ असतो कीं मालकिणीच्या कपाटांत, हें बाप विचारीत नाहीं. विचारल्यास उपकारकर्त्याचा अपमान होईल असें त्यास वाटतें. अहो, मजुरी देणारा उपकार कसला करतो?

२०११ सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें घरकामगारांविषयीं १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. आठवड्यांतून सलग २४ तास सुटी, सुटींत मालकाच्या घरीं थांबण्याची सक्ती नाहीं, कागदपत्रें जिचीं तिच्याजवळ, हें सर्व त्यांत आहे. भारत सरकारनें करारास अनुकूल मत दिलें, परंतु तो आपणांवर बंधनकारक मात्र करून घेतला नाहीं. महाराष्ट्रांत २००८ सालीं घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण बंद दाराआडच्या पोरीस त्याची वार्ता कोण देतो?

तेव्हां आईबापांनींच जागें झालें पाहिजे. चौदा वर्षांखालील मुलांस घरकामास ठेवण्याची २००६ पासून मनाई आहे. वय वाढवून दाखला मागणारे पालक आम्हां शिक्षकांस भेटतात. असा दाखला आम्ही देत नाहीं. मुलगी सज्ञान असून स्वखुशीनें जात असेल तर जावें. पण मालकाचा पत्ता, पगार आणि सुटीचा वार कागदावर लिहून घ्यावा, पैसे तिच्याच खात्यांत पडावे, फोन तिच्या हातीं असावा. २०१३ च्या कायद्यानें मालकाचें घर हेंही कामाचें ठिकाणच होय. तेथें कोणीं अंगचटीस आल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करतां येते, हें तिला निघण्यापूर्वीं सांगावें. बापानें एकदां तरी एस. टी.चें भाडें खर्चून तें घर डोळ्यांनीं पाहून यावें.

आणि दिवाळीस पोर घरीं आली म्हणजे आणलेले पैसे मोजण्याआधीं आईनें तिला बाजूस घेऊन विचारावें, "बाय, तूं तिथें निजतेस कुठें?"